फताडं पाऊल

आठ नंबरचा जोडा म्हणजे नेमकं आठ काय? आठ इंच म्हणावं, तर ते दुसरी-तिसरीतल्या पोराचं पाऊल झालं. आठ सेंटिमीटर म्हणावं, तर पाळण्यातल्या बाळाचं. जुन्नरच्या पेठेत किंवा मंचरला दुकानात शिरलो की हा आकडा आपण जन्मभर सांगत आलो, पण तो कशाचा आहे हे विचारायचं राहूनच गेलं. उत्तर ऐकलं की अजूनही थक्क व्हायला होतं. आठ नंबर म्हणजे जवाचे ३३ दाणे.

इंग्लंडात जुन्या काळी जवाचे तीन दाणे टोकाला टोक लावून ठेवले की एक इंच धरत. जोड्यांचं माप तिथून निघालं. लहान मुलांची मोजणी चार इंचांवर, म्हणजे १२ दाण्यांवर, शून्याने सुरू होते. पुढे दाणा वाढला की नंबर वाढतो. तेरापर्यंत पोचलं की ही मोजणी संपते आणि मोठ्यांची पुन्हा एकपासून सुरू होते. म्हणून मोठ्या माणसाच्या नंबरात आधीचे २५ दाणे गुपचूप धरलेले असतात. २५ आणि ८ मिळून ३३, म्हणजे बरोबर ११ इंच. आणि हे माप पावलाचंही नाही. ज्या फर्म्यावर जोडा बेततात त्या फर्म्याचं आहे. पाऊल त्याहून थोडं आखूड असतं, नाहीतर बोटं हलायला जागा कुठून राहणार?

एका दाण्याची लांबी साधारण साडेआठ मिलिमीटर. युरोपातल्या कारागिरांनी वेगळा टप्पा धरला, सेंटिमीटरचे दोन तृतीयांश, म्हणजे ६.६७ मिलिमीटर. जोड्याच्या जिभेवर शिवलेल्या चिठ्ठीत 'यूके १०' लिहिलेलं असतं आणि शेजारी कधी ४४ असतं, कधी ४५. त्याचं कारण एवढंच, की दोन पट्ट्यांच्या रेघा वेगवेगळ्या अंतरावर आहेत आणि त्या क्वचितच एकमेकींसमोर येतात.

पण खरी मेख पुढे आहे. या ३३ दाण्यांत एकही दाणा आडवा ठेवलेला नाही. नंबर फक्त लांबी सांगतो. चवडा किती रुंद आहे, पावलाची पाठ किती उंच आहे, टाच निमुळती आहे की भरीव, यातलं काहीच त्या आकड्यात नाही. परदेशी कारखाने रुंदीसाठी अक्षरं वापरतात: पुरुषांच्या जोड्याला 'डी' म्हणजे साधारण, '२ई' म्हणजे रुंद, '४ई' म्हणजे आणखी रुंद. आपल्याकडच्या तालुक्याच्या दुकानात ही अक्षरं सहसा कुणी विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही. पाऊल आडवं मोठं असलं, तरी उत्तर उभंच मिळतं: "एक नंबर मोठा घ्या."

जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातली पावलं बघितली की हे उत्तर किती अपुरं आहे ते कळतं. आहुपे, तळेघर, नाणेघाटाचा माथा हा सगळा भाताचा आणि हिरड्याचा मुलूख. महादेव कोळी, ठाकर, कातकरी यांची वस्ती. आषाढात घोट्यापर्यंत चिखलात उभं राहून आवण लावायचं, निसरड्या बांधावरून डोक्यावर ओझं घेऊन चालायचं, कातळावरून पाणी वाहत असताना जनावरांमागे जायचं. हे जन्मभर केलेल्या माणसाचं पाऊल ओल्या मातीत उमटलेलं बघावं. पाची बोटं सुटी सुटी, अंगठा बाजूला सरकलेला, चवडा टाचेच्या जवळजवळ दुप्पट पसरलेला. शहरातलं बंद जोड्यात वाढलेलं पाऊल त्याच्या शेजारी ठेवलं, तर बोटं मध्याकडे गोळा झालेली दिसतात, पुढची कड टोकदार होते. गावात अशा रुंद पावलाला फताडं म्हणतात आणि त्या पोराला थोडं चिडवतातही. दुकानात त्याच्या पायात काही बसत नाही आणि दोष पायावर जातो.

तो दोष पायाचा नाही, असं मला मनापासून वाटतं, आणि त्याला पुरावा आहे. एका पावलात २६ हाडं आणि ३३ सांधे असतात. लहानपणी यातला बराच भाग कूर्चेचा असतो आणि तो ज्या भाराखाली, ज्या मोकळिकीत वाढतो तसा घडतो. बेल्जियमच्या क्रिस्तियान दाउत या शास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसोबत दक्षिण भारतात जन्मभर अनवाणी चाललेल्या लोकांची पावलं मोजली आणि जोडे वापरणाऱ्या भारतीयांशी व युरोपीयांशी ताडून पाहिली. हा अभ्यास २००९ मध्ये छापून आला. अनवाणी पावलं पुढच्या बाजूला रुंद निघाली, आणि चालताना पडणारा दाब तळव्यावर जास्त सारखा पसरलेला आढळला. रुंद पावलात ओझं वाटून घेणारी जागा जास्त असते, इतकी साधी गोष्ट.

त्याआधी १९९२ मध्ये मंगळूरच्या डॉक्टरांनी २,३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासले होते. जोडे घालणाऱ्या मुलांत सपाट तळव्याचं प्रमाण ८.६ टक्के होतं, अनवाणी मुलांत २.८ टक्के. पुढून बंद जोडे घालणाऱ्यांत ते सर्वांत जास्त होतं, चपला-सँडलवाल्यांत मधलं. फताडं पाऊल आणि सपाट पाऊल या दोन निराळ्या गोष्टी आहेत. सैन्यभरतीत डॉक्टर तळव्याची कमान बघतात. फताड्या पावलाची कमान कित्येकदा भक्कम उभी असते. ती दोन पावलं एकच समजून घाबरणारी पोरं आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगायला हवं.

भरतीचं नाव निघालंच आहे तर तिथेच थांबू. पहाटे घोडेगाव, मंचर, नारायणगाव, ओतूरकडच्या रस्त्यांवर पोलीसभरतीची तयारी करणारी पोरं-पोरी पळताना दिसतात. मुलांना १,६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. कुणी अनवाणी, कुणी मोठ्या भावाच्या जोड्यात, कुणी दोन नंबर मोठा घेऊन पुढे कापूस कोंबलेला. मोठा नंबर घेतल्यावर काय होतं ते नीट बघण्यासारखं आहे. धावताना पाऊल चवड्यापाशी मुडपतं, जिथे बोटं पावलाला जुळतात त्या रेषेवर. जोड्याचा सोलही त्याच रेषेवर वाकावा म्हणून तिथे खाचा ठेवलेल्या असतात. रुंदी मिळावी म्हणून लांब जोडा घेतला की सोलची ही रेघ पुढे सरकते. पाऊल एका जागी मुडपू बघतं, जोडा दुसऱ्या जागी. मग बोटांच्या मुळाशी वरचं कापड चुरगळून रुततं, टाच वरखाली होते, आणि मैदानाच्या तिसऱ्या फेरीत पोटरी भरून येते. पोरगा म्हणतो, दम कमी पडला. दम पुरेसा असतो; त्याची थोडी ताकद दर पावलाला जोडा वाकवण्यात गेलेली असते.

इथे बैलगाड्याच्या शर्यतींचं वेड सगळ्यांना ठाऊक आहे. बैलाला पत्र्या मारायच्या तर नालबंद आधी खूर तासतो, पत्री खुरावर ठेवून बघतो, वाकवतो, पुन्हा ठेवतो, मगच खिळा ठोकतो. बैलाच्या खुराला जो मान मिळतो तो भरतीला निघालेल्या पोराच्या पावलाला मिळत नाही.

आता दुकानदाराची बाजू. १२ किंवा १३ नंबर तो ठेवत का नाही? घाऊक माल सेटमध्ये येतो, बहुधा ६ ते १०. मधल्या नंबरांच्या जोड्या जास्त, टोकाच्या कमी. १२ नंबरची जोडी वेगळी मागवली आणि वर्षभर गिऱ्हाईक आलं नाही, तर त्याचा पैसा फळीवर अडकून पडतो. कारखान्याचं गणित याहून कठीण. खेळाच्या जोड्याचा सोल धातूच्या साच्यात ओततात आणि प्रत्येक नंबराला वेगळा साचा लागतो, डाव्याचा निराळा, उजव्याचा निराळा. वरचं कापड कापायचे पाते-साचेही नंबरागणिक वेगळे. दहा हजार जोड्या विकल्या जाणाऱ्या नंबरावर साच्याचा खर्च सहज वाटला जातो, पन्नास जोड्यांच्या नंबरावर तो बसत नाही. आणि रुंदी हा दुसरा अक्ष त्यात घातला की साच्यांची संख्या दुप्पट-तिप्पट होते. मोठ्या पावलाचा माणूस त्या हिशेबात कडेला पडतो.

पण समजा कुणी साचा केलाच, तरी आठ नंबरचा जोडा नुसता फुगवून बारा नंबर होत नाही. हा भाग मला सर्वांत विलक्षण वाटतो. ३३ दाण्यांवरून ३७ दाण्यांवर जायचं म्हणजे लांबी १२ टक्के वाढली. माणूस सगळीकडून त्याच प्रमाणात वाढला असं धरलं, तर तळव्याचं क्षेत्रफळ १.१२ गुणिले १.१२, म्हणजे सुमारे २६ टक्के वाढतं. वजन मात्र तिन्ही दिशांनी वाढतं, सुमारे ४१ टक्के. तळव्याच्या दर चौरस सेंटिमीटरवर १२ टक्के जास्त भार आला. लहान जोड्यात जो फोम मऊ उशीचं काम करतो, तोच फोम मोठ्या जोड्यात चेपून बसतो. खरी उंच माणसं या सूत्रापेक्षा सडपातळ असतात, म्हणून प्रत्यक्षातला फरक इतका मोठा नसतो. पण दिशा तीच. शिवाय लांब पाऊल म्हणजे लांब तरफ. चवड्यावर उठताना पोटरीच्या स्नायूला जास्त जोर लावावा लागतो, आणि तेवढ्याच जाडीचा सोल जास्त लवतो. मोठा जोडा चांगला करायचा तर फोम घट्ट हवा, मधला भाग ताठ हवा, टाचेची वाटी खोल हवी. म्हणजे निराळी रचनाच हवी.

जगातल्या टोकाच्या पावलांच्या हकिकती यामुळेच कारागिरीच्या हकिकती आहेत. अमेरिकेचा रॉबर्ट वॅडलो २.७२ मीटर उंच होता. त्याचा जोडा अमेरिकी मापाने ३७ नंबरचा, लांबी ४७ सेंटिमीटर. इंटरनॅशनल शू कंपनी त्याला जोडे फुकट करून देई आणि तो कंपनीसाठी गावोगाव फिरे. त्याच्या पायांना स्पर्श फारसा कळत नव्हता. घोट्याच्या आधारपट्टीने फोड आला, त्यात जंतुसंसर्ग झाला, आणि जुलै १९४० मध्ये वयाच्या २२व्या वर्षी तो गेला. एवढा प्रचंड देह, आणि शेवट एका घासलेल्या जागेने केला. मधुमेहाने ज्यांच्या तळव्यांची जाणीव कमी झाली आहे त्यांना डॉक्टर जोड्याबद्दल इतकं का बजावतात, ते या एका गोष्टीत आहे.

आपल्या देशात पंजाबच्या सतनाम सिंगचं पाऊल २२ नंबरचं. शाळकरी वयातच त्याच्या मापाचे बास्केटबॉलचे जोडे इथे मिळेनासे झाले होते. २०१५ मध्ये डॅलस मॅव्हरिक्स या अमेरिकी बास्केटबॉल संघाने त्याची निवड केली. बंगालची स्वप्ना बर्मन हिच्या दोन्ही पायांना सहा-सहा बोटं आहेत. पाच बोटांच्या जोड्यात सहावं बोट दाबून, वेदना सोसत, तिने २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत हेप्टॅथलॉनचं सुवर्णपदक घेतलं. सात प्रकार, दोन दिवस. त्यानंतर आदिदासने जर्मनीतल्या आपल्या प्रयोगशाळेत तिची पावलं मोजून तिच्यासाठी जोडे घडवले. तिच्या पायात कधीच काही वावगं नव्हतं. सहाव्या बोटासाठी फर्मा करायला कुणीतरी बसावं एवढंच हवं होतं, आणि त्यासाठी आधी सुवर्णपदक जिंकावं लागलं.

इथिओपियाचा अबेबे बिकिला १९६० साली रोमच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन अनवाणी धावला आणि जिंकला. मिळालेले जोडे त्याच्या पायाला नीट बसले नव्हते, असं सांगतात. चार वर्षांनी टोकियोत तो जोडे घालून धावला आणि पुन्हा जिंकला.

आणि अनवाणी पावलांची अशी धाव आपल्या पुण्यात त्याच्याही आधी दिसली होती. १९१९ मध्ये डेक्कन जिमखान्याच्या मैदानी स्पर्धांत सर दोराबजी टाटांनी लांब पल्ल्याची शर्यत पाहिली. पळणारे बहुतेक शेतकरी होते, पायात काही नव्हतं, कुणी त्यांना शास्त्रशुद्ध शिकवलेलं नव्हतं. तरी त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या जवळ जाणाऱ्या होत्या. दोराबजींना ते बघून राहवलं नाही. पुढच्याच वर्षी अँटवर्प ऑलिंपिकला भारताचा संघ गेला, त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते, आणि मॅरेथॉनमध्ये ते एकोणिसावे आले. ऑलिंपिकमध्ये संघ पाठवायचा हा विचार या देशात अनवाणी, रुंद, शेतात घडलेल्या पावलांकडे बघून रुजला.

मग जोडा हवाच कशाला, असं कुणी विचारील. त्याने नाणेघाट उतरून बघावा.

या घाटाच्या तोंडाशी सातवाहनांची गुहा आहे. तिच्या भिंतीवर राणी नागनिकेचा लेख आहे, आणि एकेकाळी तिथे राजघराण्यातल्या माणसांच्या पुरुषभर उंचीच्या मूर्ती होत्या. मूर्ती गेल्या. वर ब्राह्मीत नावं राहिली, खाली पावलांचे तुटके अवशेष. सिमुक, नागनिका, सातकर्णी यांच्यातलं काळाने शिल्लक ठेवलं ते नाव आणि पाऊल. तिथून खाली मुरबाडच्या बाजूला उतरणारी वाट दगडी आहे आणि दोन हजार वर्षं माणसांच्या, जनावरांच्या तळव्यांनी घासली गेली आहे. उतरताना अंगाचा भार दर पावलाला पुढे ढकलला जातो. जोडा लांब आणि सैल असेल, तर पाऊल आतल्या आत पुढे घसरतं आणि अंगठ्याचं नख टोकाला आपटतं. एकदा आपटून काही होत नाही. हजार वेळा आपटलं की नखाखाली रक्त साकळतं आणि दोन दिवसांनी नख काळंनिळं होतं. जोडा अरुंद असेल, तर करंगळीच्या बाजूला फोड येतो. चालून पाऊल सुजतं, म्हणून सकाळी बरोबर बसलेला जोडा दुपारी चावतो. आणि पावसात शेवाळलेल्या बेसॉल्टवर कडक प्लॅस्टिकचा सोल काहीच धरत नाही. तिथे मऊ रबर आणि खोल खाचा लागतात. सह्याद्रीत फिरणाऱ्यांत अॅक्शनचे ट्रेकिंग जोडे किंवा हंटर बूट इतकी वर्षं चालले ते या पकडीसाठी आणि खिशाला परवडतात म्हणून.

अनवाणी वाढलेला माणूस हा घाट अनवाणी लीलया उतरतो, हे खरं आहे. पण त्याचा मुलगा आश्रमशाळेच्या कबड्डी संघातून मॅटवर खेळायला जातो तेव्हा पायात जोडा लागतो. तो मॅटवर एका पायावर गर्रकन वळतो, आणि त्या क्षणी जोड्याच्या आत पाऊल अर्धा सेंटिमीटर जरी सरकलं तरी घोटा मुरगळू शकतो. सैल जोड्याची किंमत तिथे एका हंगामाने मोजावी लागते.

मोठ्या पावलासाठी जोडा शोधायचा, तर पहिली पायरी घरातच आहे. संध्याकाळी, दिवसभर चालून पाऊल फुगलेलं असताना, खेळताना घालतो तेच मोजे चढवून वर्तमानपत्रावर उभं राहावं. टाच भिंतीला टेकलेली, भार दोन्ही पायांवर सारखा. पेन्सिल कागदाला काटकोनात उभी धरून दुसऱ्या कुणीतरी पावलाभोवती रेघ ओढावी; पेन्सिल आत कलली की रुंदी चुकते. मग दोन मापं घ्यायची. टाचेपासून सर्वांत लांब बोटाच्या टोकापर्यंत. हे बोट अंगठाच असतं असं नाही, बऱ्याच जणांचं दुसरं बोट लांब असतं. आणि चवड्याच्या सर्वांत रुंद जागी आडवं. दोन्ही पाय वेगळे मोजायचे, कारण ते सहसा सारखे नसतात, आणि माप मोठ्या पायाचं धरायचं. आकडे मिलिमीटरमध्ये लिहून ठेवले की नंबराचा घोळ निम्मा संपतो. काही जोड्यांवर मिलिमीटरचं माप थेट छापलेलं असतं.

या बाबतीत अमेरिकेतल्या सिराक्यूजचा चार्ल्स ब्रॅनॉक १९२०च्या दशकातच एक पाऊल पुढे गेला होता. त्याने बनवलेलं मापयंत्र तिसरी गोष्टही मोजतं: टाचेपासून चवड्याच्या सांध्यापर्यंतचं अंतर. दोघांचं पाऊल सारखंच लांब, पण एकाची बोटं लांब आणि दुसऱ्याची आखूड, तर सोल वाकायची रेघ दोघांची वेगळी. तेच आपलं पहाटेचं पळणारं पोरगं आठवा.

दुकानात गेल्यावर जोडा पायात घालण्याआधी आतला सुखतळा बाहेर काढावा आणि त्याच्यावर उभं राहावं. पाऊल कडेने बाहेर सांडत असेल, तर तो जोडा कितीही आवडला तरी आपला नव्हे. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा उरायला हवी. रुंद पावलासाठी '२ई' किंवा '४ई' असं स्पष्ट मागावं. न्यू बॅलन्ससारख्या कंपन्या एकच जोडा निरनिराळ्या रुंद्यांत काढतात, तालुक्यात नाही मिळाला तरी मागवता येतो. लेस ओवण्यातही जादू आहे. चवड्यावर दाब येत असेल, तर त्या जागेची भोकं सोडून लेस पुढच्या भोकात न्यावी. टाच निसटत असेल, तर घोट्याजवळ जे एक जास्तीचं भोक असतं आणि ज्यात आपण कधी लेस घालत नाही, त्यातून लेसचा छोटा फासा करून विरुद्ध बाजूचं टोक त्यातून ओढावं. टाच जागच्या जागी बसते. मुलींना ही युक्ती फार उपयोगाची. बायकांच्या नंबरांत मोठे नंबर लवकर संपतात आणि मग पुरुषांचा जोडा घ्यावा लागतो. बायकांची टाच चवड्याच्या मानाने निमुळती असल्याने तो मागे सैल पडतो.

चामड्याचा जोडा असेल, तर कारागीर तो कलबुतावर, म्हणजे फर्म्यावर, चढवून रात्रभर ताणून देतो, दुखऱ्या जागी नेमका. कोल्हापुरीच्या कारागिराची रीत तर मुळात मापाची: गिऱ्हाइकाचं पाऊल कागदावर उतरवायचं, रापीने तळ कापायचा, मग कान आणि पट्टा पायावर बसवायचा. तिथे फताडं पाऊल ही अडचणच नाही. त्या चपलेचं कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावतात. हिरड्यातलं टॅनिन कातड्याच्या तंतूंना घट्ट बांधतं, म्हणून कातडं कुजत नाही. हा हिरडा ज्या झाडांवर येतो ती आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम डोंगरांत भरपूर आहेत, आणि तिथली माणसं पिढ्यान् पिढ्या तो गोळा करून विकत आली आहेत. पाऊल टिकवणारं कातडं टिकतं ते त्या डोंगरातल्या फळामुळे, ही साखळी मला फार आवडते.

पोरांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वाढीच्या वयात आधी पाऊल लांबतं, उंची मागून येते. बारा-तेरा वर्षांच्या मुलाचे पाय अंगाच्या मानाने अवाढव्य दिसतात, वर्षात दोन नंबर बदलतात, आणि घरचे वैतागतात. ती वाढ निरोगी आहे. बाळंतपणानंतरही कित्येक बायकांचं पाऊल थोडं लांबतं आणि तसंच राहतं. पण तिशी-चाळिशीत, काही कारण नसताना, जोड्याचा नंबर वाढत चालला, बोटातली अंगठी घट्ट होऊ लागली, जबडा जड दिसू लागला, तर डॉक्टरांकडे जावं. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीत गाठ झाली की वाढीचं संप्रेरक जास्त पाझरतं. उंची वाढायचं वय गेलेलं असल्याने हात, पावलं आणि जबडा मात्र वाढत राहतात. हा आजार हळू येतो, आणि त्याची पहिली नोंद कित्येकदा जोड्याच्या दुकानातच झालेली असते.

या सगळ्यात एक मोठी घडामोड चेन्नईत झाली आहे. तिथल्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरात ७९ ठिकाणी १,०१,८८० माणसांची पावलं त्रिमितीय यंत्राने मोजली. सुरुवातीला वाटलं होतं की देशाच्या पाच भागांसाठी पाच वेगळी मापं लागतील. तसं झालं नाही. एकच पद्धत सगळ्यांना पुरते असं दिसलं. मुलींचं पाऊल अकराव्या वर्षाच्या आसपास आणि मुलांचं पंधरा-सोळाव्या वर्षाच्या आसपास वाढीच्या टोकाला पोचतं, हेही कळलं. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे भारतीय पावलं युरोपीय-अमेरिकी पावलांपेक्षा रुंद निघाली. अरुंद जोडे मिळत असल्याने लोक लांब नंबर घेतात, मग लेस आवळून बांधतात, ही गोष्ट अहवालात आली. या मापनावरून वयोगटांप्रमाणे आठ गटांची नवी पद्धत सुचवली गेली. भारताच्या नावावरून तिला 'भा' असं नाव दिलं.

'भा'चे फर्मे कारखान्यांत उतरतील तेव्हा त्यांत रुंदीला लांबीइतकाच मान असेल, अशी त्यामागची कल्पना आहे. तोवर आहुप्याच्या पोराने दुकानात जाताना वर्तमानपत्रावरचा आपला ठसा घडी घालून खिशात न्यावा, आणि नंबर सांगण्याआधी तो गल्ल्यावर उलगडून ठेवावा.